गालावरची रेघ

माझी बायको मिसरीनं दात घासायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची. सकाळी एकदा, जेवण झालं की एकदा, आणि मन लागेना झालं की मधेच कधीही. बेलापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात सगळ्याच बाया घासायच्या. माझी आई जन्मभर घासत होती, तिला कधी काही झालं नाही. बायकोला अडतिसाव्या वर्षी खालच्या हिरडीपाशी, गालाच्या आतून एक फोड आला आणि तो बरा होईना.

"उष्णतेचा आसंल," आई म्हणाली. आम्ही सब्जा पाजला, तूप लावलं आणि चार महिने घालवले. तोंड दोन बोटांच्या वर उघडेना झालं तेव्हा श्रीरामपूरला नेली. तिथल्या डॉक्टरनं बॅटरी मारून आत पाहिलं आणि एकदम मला अहो-जाहो करायला लागला. डॉक्टर आदरानं बोलायला लागला की माणसानं समजावं. त्यानं पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. कॅन्सर हा शब्द चिठ्ठीत होता. तोंडानं त्यानं उच्चारला नाही.

मी सुतार. शाळा तिसरीत सुटली, हातात लाकूड तासायचा वाकस आला. बैलगाड्या, नांगर, पाभरी, आणि कारखान्याला ऊस नेणाऱ्या गाड्यांची चाकं. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. माझं काम सुतानंसुद्धा चुकत नाही असं चार गावं म्हणायची, आणि कुणी म्हटलं नाही तर मी म्हणायचो. घरात ती, मी आणि म्हातारी. मूलबाळ नव्हतं. माझ्या कामाचा अभिमान मला होता त्यापेक्षा तिला जास्त होता. कुणाच्या दारात वाकडी चौकट दिसली की म्हणायची, "ही काय आमच्या मालकाच्या हातची न्हाई."

पुण्यात शेक द्यायचा ठरला. शेक म्हणजे मशीनचा, विस्तव नाही, काही नाही, माणसाला जाणवतसुद्धा नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलं आणि जांभळ्या शाईनं गालापासून जबड्याच्या खालपर्यंत एक चौकट आखली. मी दारात उभा राहून पाहत होतो. रेघ बरी होती, पण माझ्यासारखी नव्हती.

डॉक्टर मला म्हणाले, "हे बघा दादा, या रेघा जपायच्या. पाणी नाही, साबण नाही, तेल नाही. मशीन या चौकटीतच शेक देतं. पुसल्या तर तसंच आम्हाला येऊन सांगायचं. आम्ही पुन्हा काढू. यात लपवायचं काही नाही."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बगा, या वयात गोंदून घेतलं. तेबी गालावर. आता आत्याबाई काय म्हनत्याल?"

"म्हनंल, सून पुन्याला जाऊन बिगाडली."

ती हसली, पण तोंड दुखलं म्हणून हसणं मधेच थांबवलं.

तीन आठवडे आम्ही धर्मशाळेत राहिलो. तिच्या तोंडातली लाळ आटली. भाकरी सुटली, मग भात सुटला, मग दुधात भिजवलेला पावसुद्धा काचेसारखा टोचायला लागला. वरण दिलं तर डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हणायचो, "घास घे, एक घास." ती म्हणायची, "तुमी घ्या मंग माझ्या तोंडानं." एकदा मी रागानं वाटी आपटली. वरण भिंतीवर उडालं. तिनं उठून भिंत पुसली, माझ्याकडे न पाहता. त्या वेळी मला वाटलं, हिला जगायचंच नाही. आता कळतं, तिला जगायचं होतं, गिळता येत नव्हतं.

मग दिवाळी आली. बाहत्तरच्या दुष्काळाआधीची दिवाळी. मशीन चार दिवस बंद राहणार होतं. आम्ही एसटीनं गावी आलो. सुप्याला गाडी थांबली, मी तिच्यासाठी चहा बशीत ओतून पाच मिनिटं फुंकत बसलो, तरी तिला तो भाजला.

पाडव्याला आमच्याकडे बायको नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते. ती सकाळी पाट मांडून, तेलाची वाटी घेऊन बसली. माझ्या पाठीवर चोळताना तिच्या बोटांत काही जोरच नव्हता. मला ते सहन होईना. मी उठलो, तिला पाटावर बसवलं आणि म्हणालो, "औंदा उलटं. तू बस."

आई ओसरीवरून ओरडली, "आरं बाईलबुद्ध्या! पाडव्याला बायकू न्हाते व्हय? लोकं तोंडात श्यान घालतील."

"घालू दे. माझं तोंड काय दुखत न्हाई."

मी तिच्या डोक्याला कोमट तेल चोळलं. तिचे केस हातात येत होते. चेहऱ्याला लावायचं नाही एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पण तिनं डोळे मिटले, मान मागं टाकली, आणि किती दिवसांनी तिच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या मी पाहिल्या. म्हणून तेल जरा जास्त ओतलं. ते कानावरून ओघळून गालावर आलं. तिनं सवयीनं पदर घेतला आणि पुसलं.

पदर जांभळा झाला.

मी तिचा गाल उजेडाकडं वळवला. गालावर मागच्या बाजूला कानाशी थोडी रेघ उरली होती, खाली जबड्याजवळ एक ठिपका. बाकी सगळं गेलं होतं.

"आता वं?" ती म्हणाली.

"आता काय? मी काढतो."

"डाक्टर म्हनले हुते, सांगा म्हनून."

"काय सांगू? पाडव्याला बायकोला न्हाऊ घातलं म्हनून सांगू? आन् मला रेघ येत न्हाई व्हय? जल्म गेला रेघा मारन्यात."

माझ्याकडे कॉपिंग पेन्सिल होती, जिभेवर ओली केली की जांभळी उमटणारी. लाकडावर खुणा करायला मी तीच वापरायचो. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. उरलेल्या खुणांवरून अंदाज बांधला. चौकट तर मी रोज पाहत होतो, डोळे मिटूनही दिसायची. पण गाल मऊ, पेन्सिल लागेना. म्हणून मी डाव्या अंगठ्यानं कातडी खाली ओढून ताणून धरली, फळी शिकंज्यात धरावी तशी, आणि वरच्या, बाजूच्या रेघा मारून शेवटी एका दमात खालची रेघ ओढली. अशी सरळ रेघ मी जन्मात ओढली नसेन.

अंगठा सोडला तशी कातडी जागेवर गेली आणि रेघही तिच्याबरोबर वर सरकली. बोटभर वर. जबड्याजवळचा डॉक्टरांचा ठिपका खाली एकटाच राहिला.

लाकूड असं करत नाही. आखलं तिथं राहतं.

मी पाहिलं. मला दिसलं नाही असं मी आजही म्हणणार नाही. पण कॉपिंग पेन्सिल पुसली जात नाही, घासावं तर तिचा गाल शेकानं सोललेला. आणि दुसरी रेघ मारणं म्हणजे पहिली चुकली हे कबूल करणं. तिनं विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं." मग बोटाला थुंकी लावून तो खालचा ठिपका मी चोळून काढला. एका चौकटीला दोन खुणा नकोत म्हणून.

पुण्यात डॉक्टर दिवाळीच्या रजेवर होते. सिस्टरनं चौकट पाहिली. "रेघ गडद दिसते. हात लावला का कुणी?"

"न्हाई बाई. तुमचीच हाय."

पुढचे तीन आठवडे शेक माझ्या चौकटीत बसला.

घरी आल्यावर तिचा गाल काळा पडला, करपलेल्या भाकरीसारखा. काळा डाग वर गालफडापर्यंत गेला होता आणि खाली जबड्याच्या कडेला मधेच फिका पडला होता. मी तिकडे बघायचं टाळत असे. फोड सुकला. मिसरीची डबी तिनं स्वतः उकिरड्यावर टाकली. उन्हाळ्यात ती भाताची पेज, मग मऊ भाकरी कुस्करून खायला लागली. मी गावात सांगत फिरलो की आमची बरी झाली.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. बैल विकले गेले, गाड्या कोण करून घेणार? मी घरीच असायचो. एक दिवस भांडी घासताना तिनं जबड्याच्या खालच्या कडेला हात लावला आणि तसाच ठेवला. मी जवळ गेलो. तिनं माझं बोट धरून तिथं टेकवलं. हरभऱ्याएवढी गाठ होती. नेमकी तिथं, जिथं कातडी काळी पडली नव्हती.

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. तेच डॉक्टर. त्यांनी गाठ चाचपली, जुने कागद काढले, फार वेळ पाहिले. मग मला एकट्याला खोलीत बोलावलं.

"आतली पहिली जागा साफ आहे. ही गाठ कडेला आली. कागदाप्रमाणं तिथंही पूर्ण शेक बसला आहे, आणि बसलेल्या जागी पुन्हा देता येत नाही, हाड सडतं. मग अर्धा जबडा काढण्याशिवाय इलाज राहत नाही. म्हणून विचारतो, मागच्या वेळी रेघा पुसल्या होत्या का? शेक तिथं पूर्ण बसला नसेल, तर आधी शेक देऊन बघता येईल. खरं सांगा."

"न्हाई पुसल्या," मी म्हणालो.

का म्हणालो? बायकोचा जबडा एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला माझी एक रेघ, तरी म्हणालो. तोंडातून ते आपोआप निघालं, आणि एकदा निघाल्यावर माझ्यासारख्याला ते मागं घेता येत नाही.

ऑपरेशन चार दिवसांवर ठरलं. मी तिला काही सांगितलं नाही. तिनं सिस्टरला विचारून सगळं काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. तिचं बोलणं आता जड झालं होतं, शब्द अर्धे गिळल्यासारखे यायचे. सावकाश म्हणाली, "अवो. डाक्टरला सांगा."

"काय?"

"पाडव्याचं."

मी उठायला लागलो. ती म्हणाली, "मी आरशात बगितलं हुतं. त्याच दिवशी. रेघ वर गेल्ती."

"मंग तवाच का न्हाई बोललीस?" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या बाकावरची माणसं वळली. स्वतःची चूक आणि ओरडलो तिच्यावर.

ती घाबरली नाही. म्हणाली, "कशी बोलू? तुमची रेघ चुकली, आसं सिस्टर फिस्टरच्या म्होरं म्या म्हनू? तुमी तर उठून गावाकडं गेला आसता. मला हितं टाकून."

मी गेलो नसतो. पण तिला तसं वाटलं, वीस वर्षं संसार करून वाटलं. ते ऐकून मी जेवढा खचलो, तेवढा गाठ सापडली तेव्हाही खचलो नव्हतो.

"जावा," ती म्हणाली, "माझा जबडा जातुया. तुमचं काय जातंय?"

मी गेलो. डॉक्टर जेवत होते. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, तेल, पदर, पेन्सिल, अंगठा, पुसलेला ठिपका. वाटलं शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं. त्यांनी डबा बंद केला आणि विचारलं, "किती वर गेली होती?"

"बोटभर."

"तीन दिवस आधी सांगितलं असतं तर तीन दिवस वाचले असते," एवढंच म्हणाले आणि उठले.

ऑपरेशन थांबवलं. जबड्याच्या कडेला शेक सुरू झाला. पहिल्या शेकानं सोललेल्या तोंडावर हा दुसरा. नाकातून नळी घातली, नळीतून दूध आणि पेज. ते मी घालायचो. नळी उंच धरायची, हळूहळू ओतायचं, घाई केली की तिला ठसका लागायचा आणि ती निळी पडायची. पाणी पाहिजे असलं की ती माझ्या मनगटावर टिचकी मारायची. पाणी द्यायचं म्हणजे कापूस ओला करून ओठाला लावायचा. असे पाच आठवडे. गाठ लहान झाली, मग तेवढीच राहिली, मग मानेत दुसरी आली. शेवटी जबडा काढावाच लागला.

मी डॉक्टरांना विचारलं, "मी तवाच सांगितलं आसतं तर ही बरी झाली आसती?"

"सांगता येत नाही."

"सांगा, मी ऐकून घेईन."

"दादा, खरंच सांगता येत नाही. कधी रेघ बरोबर असूनही गाठ येते." मग म्हणाले, "पण ही गाठ रेघेच्या बाहेर होती."

मी तिला घरी आणली. अर्धा चेहरा आत गेलेला, पदर तोंडावर कायम धरलेला. बोलणं संपलं होतं. आई, जिनं मला बाईलबुद्ध्या म्हटलं होतं, ती रोज पेज गाळून द्यायची आणि चुलीपुढं बसून रडायची.

एक दिवस गल्लीतल्या दोघी बाया बघायला आल्या. मी नळी धरून पेज घालत होतो. एक म्हणाली, "काय बाई नशीब काडलंस! आसा नवरा समद्यांना मिळू दे. दोनदा पुन्याला नेलं, हातानं खाऊ घालतूय."

मी नळी खाली घेतली. म्हणालो, "आवो, आयका. हे माझ्यामुळं..."

तिनं माझं मनगट धरलं. पाण्यासाठी मारायची तशी टिचकी नव्हती, घट्ट धरलं, जेवढा जोर अंगात उरला होता तेवढ्यानं. आणि मान हलवली. नाही.

मी नळी पुन्हा उंच धरली. बाया चहा न घेता गेल्या. श्रावण लागायच्या आत ती गेली.

तिनं मला अडवलं ते माफ केलं म्हणून, की गावात आपल्या मालकाची रेघ चुकली हे तिला मरतानाही नको होतं म्हणून, ते मी तिला विचारलं नाही. विचारता आलं असतं. मान तिला हलवता येत होती.