रोज चालवायची, या अटीवर

अंजूरच्या गोदामात कामाला लागलो तेव्हा ती गाडी एका कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांखाली दबलेली होती. दोन दारांची, लाल, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी अंग टाकायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. घरच्या भातखाचरांवर गोदामं उठून पैसा आला तेव्हा शेठनी हौसेनं घेतलेली स्पोर्ट्स कार. त्यांचे वडील म्हातारपणी तिच्यातूनच खाडीच्या बांधापर्यंत जायचे, गेलेली शेतं बघायला. वडील वारले आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच.

मी परभणीकडचा. सातवीतून शाळा सोडलेली. आधी भिवंडीत लूमवर होतो, मग इथं. जेवणाच्या सुट्टीत गाडी पुसायचो, बॉनेट उघडून बसायचो. एक दिवस ती सुरू झाली. आवाज ऐकून शेठ ऑफिसातून अनवाणीच बाहेर आले. बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "ने तू. पन रोज चालवायची. उभी दिसली का भंगारात घालीन. मना हिचा मुडदा बघवत न्हाय."

आणि जाता जाता वळून, "बापाच्या तिथीला जेवनाचं पान मात्र बांधावर हिच्यातनंच जाईल."

एवढं मोठं मला आयुष्यात कोणी काही दिलं नव्हतं. त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच.

भिवंडीतल्या टेमघरच्या माझ्या खोलीपासून अंजूरपर्यंत रोजचा रस्ता. खड्डा आला की पोट आधी माझं आत जायचं, मग गाडीचं घासायचं. शेजारून कंटेनर गेला की मला त्याच्या चाकाचे नट दिसायचे, वरचं काहीच नाही. रिक्षावाले विचारायचे, "काय हरवलंय का खाली?" इंजिनाचं एक रबर फाटलं तेव्हा लूमचा चामडी पट्टा कापून बसवला होता. तो टिकला. प्रत्येक नवा आवाज मला छातीत ऐकू यायचा. पण सकाळी गेटातून आत शिरलो की शेठ मान हलवायचे, आणि दिवस सरळ जायचा.

आमच्या शेजारी चाचा राहतात. लूमवर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. भिवंडीत आलो तेव्हा पहिले दोन महिने मी त्यांच्याच घरी जेवलो. तिथीच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी धूत होतो आणि ते बॉनेटमध्ये वाकून बघत होते. मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर हात पुसत म्हणाले, "बेटा, एक डिब्बी में तेल कम था. हमने भर दिया. लूम का बढ़िया वाला."

मी हसून शुक्रिया म्हटलं. कुठली डबी, हे विचारायचं सुचलंच नाही.

सकाळी अर्ध्या रस्त्यात गाडी जड झाली. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. अंजूरच्या वळणावर चाकांतून धूर यायला लागला, गोदामाच्या गेटात ती अडकली आणि पुढं हलेना. ब्रेकच्या तेलाची डबी उघडली तर लूमच्या तेलाचा वास. कितीतरी वर्षं तो वास माझ्या कपड्यांना होता, चुकणार कसा? गॅरेजवाल्याला फोन लावला. तो ओरडलाच. "अरे, त्या तेलानं ब्रेकची रबरं फुगतात! चाकामागचा नट ढिला कर, दाब सुटेल, गाडी हलेल. पण ब्रेक गेला समज. चालवू नकोस, मरशील."

नट ढिला केला. तेल उडालं, चाक मोकळं झालं. पेडल दाबलं तर थेट तळाला गेलं.

तेवढ्यात शेठ आले. धुतलेलं धोतर, हातात केळीच्या पानावर भात, वडे, सुकटीची चटणी. वडिलांना आवडायची म्हणून.

"चल."

"शेठ, गाडी जाईल. पण थांबणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. तेलाचे हात मी पँटला पुसले. म्हणालो, "हँडब्रेक आहे. ढकलत नेऊ."

माल उतरवणारे चौघं आले. शेठ पान सांभाळत आत बसले, मी खिडकीतून स्टिअरिंग धरून शेजारी चाललो. बांधाकडं जाणारी वाट चिखलाची. दगड लागला की गाडीचं पोट करकरायचं आणि मी आतल्या आत मरायचो. मागून एक जण म्हणाला, "बाजूला व्हा रं, बुलेट ट्रेन आली!" बाकीचे हसले. शेठ हसले नाहीत.

बांधावर त्यांनी पान ठेवलं, हात जोडले आणि खाडीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बा, आज ब्रेक न्हाय. ढकलत आनली."

मग माझ्याकडं वळले. "कोनी घातलं तेल?"

चाचा लूमच्या ज्या शेडमध्ये काम करतात ती शेठच्या मेहुण्याची. मी म्हणालो, "माझ्या दारात घडलं, शेठ. भंगारात नका घालू. रबरं बदलली की धावेल."

"चावी."

दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. "रबरं आन, चावी ने. पन दिवाळीला त्या कोपऱ्यात कंपनीचा माल येनार हाय. त्याच्या पुढं मी थांबनार न्हाय."

आता गाडी परत कोपऱ्यात आहे. मी रिक्षानं येतो. फुगलेलं एक रबर खिशात घेऊन कल्याण झालं, ठाणं झालं, कुर्ल्याचा भंगारबाजार झाला. दुकानदार ते दोन बोटांत दाबून बघतात आणि परत देतात. हे मॉडेल बंद झालं, म्हणतात. दिवाळीचे कंदील लागायला लागलेत. शेठ कोपऱ्यावरून जाताना मान दुसरीकडं करतात.

काल चाचा खोलीवर आले. त्यांना मी एवढंच सांगितलंय की ब्रेकची रबरं फुगलीत आणि नवी मिळत नाहीत; कशानं फुगली, ते सांगितलेलं नाही. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत चामड्याची वर्तुळं, लूमच्या पट्ट्यातून कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. दिवसभराची ड्युटी करून बसून केलेली.

"ये लगा के देखो, बेटा. चमड़ा फूलता नहीं."

ब्रेकला ती चालणार नाहीत, मला माहीत होतं. मी दोन्ही हातांनी घेतली. म्हटलं, "लगाता हूँ, चाचा. बैठो, चाय पी के जाओ."