विभूतीचा पांढरा

आमच्या मुरुडात चंद्रप्पाइतका हट्टी फोटोवाला दुसरा नाही. कॉम्प्युटरने आपोआप रंग सुधारून दिला की हा चिडायचा. "मशीनला काय ठाव आपली माणसं कशी दिसत्यात?" म्हणत एकाच फोटोच्या तीन प्रती शेजारी लावून बसायचा. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान; मी त्याची यथेच्छ टिंगल केली आहे.

गेल्या वैशाखात आमच्या गल्लीतल्या अमरनाथची बायको वर्षाराणी गेली. हार्ट अटॅक, असं सासरच्यांनी सांगितलं. आम्हा लिंगायतांत मृताला बसवून, कपाळी विभूती लावून शेवटचा फोटो काढतात आणि बसवूनच पुरतात. अंगणावर पिवळी ताडपत्री होती, त्यामुळे चंद्रप्पाने काढलेल्या फोटोत सगळं हळदीसारखं आलं.

माती देऊन आल्यावर चंद्रप्पाने मला हाक मारली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन वर्षाराणी, पिवळेपणा काढायच्या तीन रीतींच्या. पहिली रीत सगळ्या रंगांची सरासरी राखाडी धरते. पिवळं इतकं होतं की तिने चेहराच निळा केला. दुसरी सर्वांत उजळ ठिपका पांढरा मानते. शेजारी ठेवलेल्या तांब्यावरची चकाकी फोटोत आधीच पांढरीफटक, म्हणून तिने काहीच बदललं नाही. तिसरीत चंद्रप्पाने स्वतः कपाळावरची विभूती पांढरी ठरवली. कातडी कातडीच्या रंगावर आली, आणि हनुवटीखाली, हाराच्या वर, बोटांचे चार जांभळे वळ उमटले.

त्याने ती प्रिंट वर्षाराणीच्या आईला, शांतम्माला दिली. ती तडक पोलिसांत गेली.

दुसऱ्या दिवशी अमरनाथ चंद्रप्पाच्या दुकानात घुसला; मी माझ्या दाराशी उभा होतो. "पोलिसाला सांग, ते वळ मीच रंगवले म्हणून!"

"मी न्हाई रंगवले. तुझ्या बोटांचे हायत."

अमरनाथने कॅमेऱ्याचा स्टँड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. मग त्याला फरफटत दाराशी आणलं, उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि दुकानाचं शटर खाली आदळलं.

"सांगतो का?"

"न्हाई."

शटर पुन्हा आदळलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि जागचा हललो नाही. भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू? स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

दवाखान्यात चंद्रप्पाने फुटक्या तोंडाने जबाब दिला, शब्द न फिरवता. त्यावर वरून हुकूम आला आणि पाचव्या दिवशी समाधी उकरली. वर्षाराणी बसवली तशीच बसलेली होती. वासाने पोलीससुद्धा मागे सरले. डॉक्टर उतरायच्या आत शांतम्माने खड्ड्यात उडी टाकली आणि लेकीचे दोन्ही खांदे धरले.

"ऊठ माय, साक्षीला चल."