मेजरांची पहिली निवडणूक

एडमंटनच्या आमच्या कॉन्डोत ऊ थेन टुन राहतात. ब्रह्मदेशच्या लष्करातले निवृत्त मेजर, आता लेकीकडे असतात. तिकडे ते खासदार होते असं कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. लिफ्टमध्येच विचारलं, "काका, किती मतांनी निवडून आलात?"

"एकाही नाही," ते म्हणाले.

त्यांच्या संसदेत पाव हिस्सा जागा लष्कराच्या. सेनापतीनं नावं द्यायची, यांनी गणवेशात जाऊन बसायचं. मतदानाच्या वेळी पुढच्या रांगेतला ब्रिगेडियर उभा राहिला की मागची सगळी पलटण उभी. ठराव कशाचा होता ते कधीकधी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचे. मी म्हटलं, आमच्याकडे नंदीबैलाला मान हलवायच्या आधी निदान गुबुगुबु तरी ऐकवतात. समजावून सांगितलं तरी ते हसले नाहीत.

पुढे आमच्या कॉन्डो बोर्डावर, म्हणजे सोसायटीच्या कमिटीवर, एक जागा रिकामी झाली आणि मेजरांनी नाव दिलं. समोर मिलिंद कर्णिक, म्हणजे माझ्याच नागपूरचे. तरी मी मेजरांच्या बाजूला गेले. "एकदा तरी लोकांनी मला बसवावं," एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि ते मला आतून पटलं.

दारोदार फिरताना मी सोबत होते. पार्किंगमधला बर्फ वेळेवर शोव्हल करून घेईन, हे त्यांचं एकमेव आश्वासन. नॉ पॉ नावाच्या बाईंच्या दाराशी मात्र ते मागे वळायला लागले. बाई करेन जमातीच्या, म्हणजे ब्रह्मदेशातल्याच, पण लष्कराशी वर्षानुवर्षं झुंजलेल्या लोकांपैकी. त्यांचं गाव लष्करानं जाळलं होतं. मी म्हटलं, "मत मागायचं तर दारं निवडायची नसतात, काका." बेलही मीच वाजवली. नको तिथे शहाणपणा करायची माझी जुनी खोड.

"आमच्या डोंगरात होतात का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"होतो. हुकूम होता."

बाईंनी हळूच दार लावलं.

मतदान पार्टी रूममध्ये, हात वर करून. आधी मिलिंदचं नाव पुकारलं. पुढच्या रांगेत बोर्डाचे म्हातारे अध्यक्ष बसले होते, त्यांचा हात वर गेला. मागोमाग आणखी काही हात गेले. आणि माझ्या शेजारी मेजरांचा हात ताठ वर.

"काका, अहो, उमेदवार तुम्ही आहात," मी त्यांची बाही ओढली. त्यांनी हात खाली घेतला, पण तोवर खोलीभर हशा पिकला होता. मेजर पडले. मला त्यांची इतकी दया आली की मिलिंदचं अभिनंदन करायचंही राहून गेलं.

कॉफीच्या टेबलाशी नॉ पॉ आल्या. त्यांनी कुणालाच मत दिलं नव्हतं.

"आज कुणाचा हुकूम होता?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी घाईघाईनं समोशांची ताटली पुढे केली. ती कुणी घेतली नाही.

"कुणाचाच नव्हता," मेजर म्हणाले. मग हातातला कप टेबलावर ठेवला. "तुमच्या डोंगरातही, दर वेळी हुकूम होताच असं नाही."

नॉ पॉंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. मला, कधी नव्हे ते, पुढचं ऐकायचं नव्हतं.