दुभाजकातला वाकडा पाइप

आपण कापलेल्या लोखंडानं दुसऱ्याचं डोकं फुटताना तुम्ही कधी पाहिलंय? ठिणगीनं पाहिलंय. भरदिवसा, स्वतःच्या दुकानाच्या दारातून.

ठिणगी हा वेल्डर. धंदा तसा आणि डोकंही तसंच, म्हणून सगळा रस्ता त्याला ठिणगी म्हणायचा. चिडली की बायकोसुद्धा. हमरस्त्याच्या या कडेला त्याचं दुकान, समोर साडूचं टायरचं. मध्ये दुभाजकाचा लोखंडी कठडा. पलीकडं जायचं तर पुलाखालच्या वळणापर्यंत जाऊन फिरून यायचं, आणि तेवढंही गाडीवाल्यांच्या जिवावर यायचं.

"साडूभाऊ, काढा कटर," एके दिवशी साडू म्हणाला. "रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे?"

ठिणगीला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरे. त्यानं भरगर्दीत कठडा कापला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पहिली मोटरसायकल फटीतून सुटली तेव्हा हा छाती काढून उभा! कापताना कटर सटकला आणि आडव्या पाइपचं एक टोक तिरकं, भाल्यासारखं निघालं. तो पाइप त्यानं दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवला. पराक्रमाची निशाणी.

मग फट माणसं खायला लागली. फटीतून उलट्या दिशेनं घुसलेल्या टेम्पोनं भाजीवालीचा पाय गुडघ्यापासून चिरडला. भाजीवर शिंपडायला आणलेल्या तिच्याच बादलीतल्या पाण्यानं लोकांनी रस्ता धुतला, आणि तासाभरात गाड्या पुन्हा तिथूनच.

दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकचा एक हवालदार फटीत येऊन उभा राहिला. निवृत्तीला टेकलेला, किरकोळ अंगाचा माणूस. एका मोटरसायकलची किल्ली त्यानं काढून घेतली.

"मागं फिरा. पुलाखालून या."

"तू काय रस्ता विकत घेतलायस का रे?"

बघता बघता घोळका जमला. कुणी त्याची टोपी उडवली, कुणी कॉलर धरली. साडू तावातावानं रस्ता ओलांडून आला आणि त्यानं भिंतीचा पाइप उचलला.

"फाड ना पावती! फाड आता!"

पहिला घाव खांद्यावर, दुसरा हातावर. हवालदार खाली बसला तसा तिसरा, तिरक्या टोकाचा, सरळ तोंडावर. ठिणगीला आपलं लोखंड लांबूनच ओळखू आलं. तो धावला, पण उशिरा. त्यानं हवालदाराला बगलेत धरून दुकानात ओढलं, शटर खाली घेतलं. बाहेरून शटरवर दगड बसत होते. आत बायको पदराचा बोळा करून जखम दाबत होती आणि रक्त तिच्या कोपरांवरून गळत होतं.

हवालदार वाचला. त्याचा उजवा डोळा गेला.

पोलीस आले तेव्हा सगळा रस्ता आंधळा झाला होता. ठिणगीही खाली मान घालून म्हणाला, "गर्दी होती, साहेब." मेव्हणीचं कुंकू आडवं आलं. पोलीस गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "पाइप गटारात टाकलाय तुमच्या साडूनं. काढून आणा. कापलात तुम्ही, जोडायचाही तुम्हीच."

सकाळी ठिणगीनं मशीनची वायर रस्त्यावर ओढली आणि फटीत बसकण मारली. पाइप मारामारीत वाकला होता, तसाच बसवला. बायको मेन स्विचजवळ हातोडा घेऊन उभी.

"ए ठिणगी, अक्कल गहाण टाकलीस का?" लोक जमले. एक दगड पाठीत बसला, दुसरा कानावर. पण रॉड टेकला, निळा-पांढरा उजेड उसळला आणि पुढच्यांनी डोळ्यांवर हात घेतले.

"वायर काढा त्याची!"

"या की," बायको म्हणाली. "स्विचला लागेल तो हात घरी नाही जायचा."

साडूनं मागून येऊन त्याच्या बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. मग तोंडावरची काळी काच हिसकून फेकली.

"थांब म्हणतो ना! उद्या माझं दुकान बसलं तर तुझी मेव्हणी जेवायला तुझ्याकडं पाठवू?"

"पाठव. तू मात्र येऊ नकोस."

ठिणगीनं डोळे गच्च मिटले आणि नुसत्या आवाजावर रॉड चालवला. पापण्यांतूनही उजेड टोचत होता. तोंडात रक्ताची चव. साडूला उजेडात काही दिसेना. चिडून त्यानं चाचपडत पाइप धरला, उपटायला. धरला तो नेमका जोडावर. चर्र आवाज झाला. हात मागं आला, तळव्याची कातडी लोखंडावर राहिली. त्या किंकाळीनं घोळका जागच्या जागी फुटला.

जोड पुरा झाला तेव्हा ठिणगीचे डोळे सुजून बंद झाले होते. बायकोनं त्याचा हात धरला आणि त्याला तसंच चौकीत नेलं. त्यानं साडूचं नाव सांगितलं.

"हत्यार कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"दुभाजकात. तुमच्याच रस्त्यावर."

मेव्हणी त्या दिवसापासून या घराची पायरी चढलेली नाही. ठिणगीची बरगडी अजून दुखते. हवालदार एका डोळ्यानं कचेरीतलं टेबल सांभाळतो. आणि परवा त्याच कठड्यावर, जोडापासून चार हातांवर, करवतीचा ताजा चरा दिसला.

म्हणून तुम्हाला सांगतोय. कठड्यात कुठं वाकडा पाइप आणि ओबडधोबड जोड दिसला, तर घाई असली तरी गाडी पुढं न्या, पुलाखालून वळून या. आणि शेजारचा कुणी करवत काढत असेल, तर बघत उभे राहू नका. त्याचा हात धरा.