डावरीच्या हातच्या चादरी

इस्पितळाच्या धुलाईघरात सगळ्यात वरच्या फळीवर, फाटक्या पडद्यांच्या मागे, धाकटीने चादरींची एक चवड सरकवून ठेवली होती. डावरी शेवटची कामावर आली त्या दिवशी दोघींनी मिळून घड्या घातलेल्या त्या चादरी. चोरी म्हणावी, तर चादरी इस्पितळाच्या होत्या आणि इस्पितळातच होत्या. त्या कुणी उलगडू नयेत, एवढंच तिला हवं होतं.

डावरी तिची थोरली जाऊ. पण जाऊ नंतरची; आधीची मैत्रीण. धाकटी कामाला लागली तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, आणि चादर म्हणजे अंगावर घ्यायची वस्तू, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. गरम रोलरमधून चादर बाहेर येते, तिच्या दोन टोकांना दोघी समोरासमोर उभ्या राहतात, कोपरे धरतात आणि एक बाजू दुसरीवर आणतात. ऐकायला सोपं. पण समोरासमोर उभं राहिलं की एकीचा उजवा हात तो दुसरीचा डावा. दोघींनी आपापला उजवा हात फिरवला, की चादरीला पीळ. म्हणून खिडकीकडची बाजू आधी, असा तिथला नियम होता, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहणारी काय किंवा दाराकडे तोंड करणारी काय, कुणा एकीला मन मारून डावा हात चालवावा लागे. डावरी जन्माची डावखुरी. ती उभी राही नेमकी नको त्या बाजूला, जिथे तिचा डावा हात खिडकीच्या उलट बाजूला येई, आणि हलायला सांगितलं तर म्हणे, "इथं मला वारा लागतो." तिच्यापुढे कुणी टिकत नसे.

मुकादमाने नवीन पोरीला तिच्यापुढे उभं केलं ते खरं तर शिक्षा म्हणून. कुणाला, ते त्यालाच माहीत. पहिली चादर आली. धाकटीला तो नियम अजून ठाऊक नव्हता; तिने उजवा हात फिरवला, डावरीने डावा. चादर न बोलता मिटली.

डावरीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठं होतीस गं इतके दिवस?"

पुढे वर्षभरातच डावरीने तिला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. "माझ्या दिराला बायको हवीय. बस डेपोत आहे. बोलतो कमी, खातो जास्त. मला घरातही घडीला माणूस हवंय. बघ बाई, दोघांची सोय होतेय."

"आणि माझी?" धाकटीने विचारलं.

"तुला मी मिळतेय ना! फुकटात नवराही."

अशी धाकटी त्या घरात आली. सासूबाई कडक. थोरल्या जावेला 'अगं-तुगं' केलेलं त्यांना खपत नसे. मग घरात "अहो जाऊबाई" आणि धुलाईघराचा जिना उतरला की "ए डावरे." कधी गडबड होई. एकदा रोलरच्या आवाजात धाकटी ओरडली, "अहो जाऊबाई, कोपरा सोडा ना मेला!" आणि सगळं धुलाईघर खो खो हसलं. घरी पडदा, पलंगपोस, टॉवेल, काहीही वाळून आलं की या दोघी समोरासमोर उभ्या. सासूबाई म्हणत, "एक दिवस मलाही घडी घालून कपाटात ठेवतील या."

सासूबाईंच्या शेवटच्या आजारात त्यांना बिछान्यावरून उचलायचं, खालची चादर काढायची, नवी घालायची, हे दोघींनीच केलं. म्हातारीला कुठे सुरकुती रुतू दिली नाही. पुढे धाकटीचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा डावरी तिच्या उशाशी येऊन बसली. धाकटी रडत होती आणि ती तिच्या पायांवरची शाल पुन्हा पुन्हा सरळ करत होती. त्या बाईला बोलून धीर देता येत नसे. हातांनी यायचा.

डावरी आजारी पडली ती धुलाईघरातच, टेबलापाशी. छातीला हात लावला, "जरा बसते गं," म्हणाली, आणि बसायच्या आधीच खाली आली. तिला वर बायकांच्या वॉर्डात नेलं. इतकी वर्षं त्या वॉर्डाच्या चादरी धुतल्या, पण त्यांवर निजायची पाळी पहिलीच. धाकटी सुट्टीत धावत वर गेली, तर ही बोटांनी चादरीचा काठ चाचपत होती.

"ही आपली नाही," डावरी म्हणाली. "मधोमध पिळाची खूण राहिलीय. पाठीला लागते."

"गप पडा हो जाऊबाई. मरणाच्या दारातही खोड जात नाही."

"इथं अहो-जाहो कशाला? सासूबाई नाहीत ना इथं."

"सवय लागली," धाकटी म्हणाली. आणि तिने डावरीच्या पाठीखालची चादर ताणून सरळ केली.

डावरी गेली तेव्हा धाकटी खाली कामावर होती. कुणीतरी जिन्यावरून हाक मारली, आणि हातातला कोपरा सोडावा की घडी पुरी करावी हेच तिला कळेना.

ती कामावर परतली तर टेबलावर ती चवड तशीच. डावरी कोसळली त्या दिवसाची, गडबडीत वॉर्डात पाठवायची राहून गेलेली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती वरच्या फळीवर ढकलली. मुकादमाने तिच्यापुढे एक नवी बाई उभी केली, नवरा गेलेली, शांत, उजव्या हाताची. चादरीला पीळ पडला. पुन्हा पडला. नवी बाई म्हणाली, "चुकलं का माझं, ताई?" धाकटी म्हणाली, "नाही हो. तुमचं नाही." आणि नळाशी जाऊन उगाच हात धूत राहिली. रोज निघताना ती पडदा बाजूला करून वर नजर टाकी. चवड असे. मग ती घरी जाई.

मग एकदा पाण्याची मोठी वाहिनी फुटली. यंत्रं बंद पडली, ओल्या चादरींचे ढीग साचले आणि वरून निरोपावर निरोप येऊ लागले. मुकादम फळ्या उचकटत फिरत होता.

"वर काही आहे का गं?"

"फाटके पडदे आहेत," धाकटी म्हणाली.

तो पुढे गेला. तेवढ्यात वॉर्डातली आया स्वतःच जिना उतरून आली. "एक तरी द्या हो. म्हातारीला नुसत्या रबरावर निजवलंय. पाठ सोलून निघाली तिची. कण्हते सारखी."

धाकटी उभी राहिली. क्षणभर तिला त्या म्हातारीचा, आयेचा, फुटलेल्या वाहिनीचा, सगळ्यांचा राग आला. मग तिने स्टूल ओढलं. पडदे खाली टाकले. चवड छातीशी धरून उतरली.

"आहेत की!" मुकादम म्हणाला. तिच्या तोंडाकडे पाहून बाजूला झाला.

"मीच घेऊन जाते," ती म्हणाली.

वर तिने आणि आयेने म्हातारीला कुशीवर वळवलं. धाकटीने पहिली चादर झटकली. घडी मोडताना कापडाचा कोरडा आवाज झाला, आणि ती नुसती चादर राहिली. म्हातारी डोळे मिटून म्हणाली, "बरं वाटलं गं बाई." उरलेल्या चादरी आया घेऊन गेली, कुठल्या कुठल्या खाटांवर.

दोन दिवसांनी पाणी आलं. वरच्या मळक्या चादरींची गाठोडी खाली येऊन पडली. धाकटी त्यातल्या एकेक उचलून काठ बघत होती. सगळ्यांवर तोच शिक्का, तेच डाग. डावरीच्या हातच्या कुठल्या, ते ओळखता येईना. तिने पुन्हा एकदा ढीग चाळला.

"ताई," नवी बाई टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "रोलर तापलाय."

"आले," धाकटी म्हणाली, आणि हातातली चादर यंत्रात टाकली.