सान्ता मोरेलची खाणावळ

चांगुणा गावितने समुद्र पाहिलेला नव्हता. सुरगाण्याहून नाशिकला शिकायला आली, तेव्हा तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गंगापूर धरण, तेही कॉलेजच्या सहलीत. तरीही जगातली निम्मी बंदरं तिच्या हाताखालून गेली होती.

तिची नोकरीच तशी होती. गंगापूर रोडला मोबाइलच्या एका दुकानावर बोरस्ते सरांचं ऑफिस होतं. परदेशातल्या क्रूझवाल्यांना लागणाऱ्या मार्गदर्शिका तिथे इंग्रजीत तयार होत. मोठं जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात त्यातल्या हजारो माणसांनी काय बघायचं, कुठे खायचं, फ्रिजला चिकटवायची खेळणी कुठल्या दुकानातून घ्यायची, हे सांगणारी दोन पानं. 'बंदर आणि आसपास' असं त्या मालिकेचं नाव.

चांगुणाला या पाहुण्यांचा मनापासून तिटकारा होता. तिचे आईबाप दर हंगामाला दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जात. ट्रकमधून उतरायचं, पाल ठोकायला जागा शोधायची, पाणी कुठे आहे ते बघायचं. त्यांना कुणी कधी नकाशा छापून दिला नाही. आणि ही धडधाकट माणसं. शिडीवरून उतरल्यावर डावीकडे वळा, हेसुद्धा त्यांना लिहून द्यावं लागतं. ऊन असेल तर टोपी घाला, हेसुद्धा.

पाहुण्यांच्या खालोखाल तिटकारा होता तो बोरस्ते सरांचा. सर क्लायंटशी बोलताना वेगळ्याच गळ्यातून इंग्रजी बोलत आणि फोन ठेवला की पाणी पीत. एसी वाढवून वर जाकीट घालत. "आपण माहिती विकत नाही, फील विकतो," हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा तरी टाकत. चांगुणाला वर्षभरापेक्षा जास्त दिवस त्यांनी 'ट्रायल'वर ठेवलं होतं. कायम कधी करणार विचारलं की म्हणत, "बघू ना. मनात आहे माझ्या."

त्यांच्या मनात काय आहे याच्याशी चांगुणाला कर्तव्य नव्हतं. तिला फक्त कायम व्हायचं होतं. धाकटी बहीण लंका बारावी होऊन घरी बसली होती. तिला नर्सिंगला नाशिकला आणायचं, तर एक खोली भाड्याने घ्यावी लागणार, आणि ट्रायलवरच्या नोकरीच्या भरवशावर तेवढी उडी मारणं शक्य नव्हतं. या पावसाळ्यात जमलं नाही, तर लंका पुढच्या हंगामाला आईबापाबरोबर ट्रकमध्ये चढणार होती.

आता मार्गदर्शिकेचा बराचसा मजकूर मशीनच लिहून देई. टर्मिनल, शटल बस, किल्ला, चर्च, सगळं गुळगुळीत. मग माणसं कशाला ठेवली? तर शेवटच्या चौकटीसाठी. त्या चौकटीचं नाव 'स्थानिक गुपित'. जे फक्त गावातल्या माणसाला ठाऊक असतं असं एखादं ठिकाण तिथे द्यायचं. ते सुरगाण्याच्या मुलीने आणि मालेगावच्या मुस्तकीमने गंगापूर रोडला बसून शोधायचं.

"शोधायचं कसं, सर?" सुरुवातीला मुस्तकीमने विचारलं होतं.

"फील करायचं," सर म्हणाले होते.

तेव्हापासून दोघं मनाला येईल ते ठोकून देत. मुस्तकीमने एका बंदरात मालेगावचा चहावाला बसवला होता. दुसऱ्यात त्याच्या चुलत्याचं अत्तराचं दुकान. आजवर एकाही पाहुण्याने तक्रार केली नव्हती. करणार कशी? सगळे उतरतात, समोरच्या मॉलमध्ये शिरतात आणि जहाजावरचं जेवण चुकायला नको म्हणून वेळेआधी परत येतात.

सान्ता मोरेल नावाच्या बंदराचं काम आलं, तेव्हा जेवणाची सुट्टी टळून गेली होती आणि चांगुणाच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने पेठ रोडवरच्या लताबाईंची खाणावळ उचलली आणि भूमध्य समुद्राच्या काठी नेऊन ठेवली. मासळी बाजाराच्या मागे दगडी पायऱ्या. वर निळं दार. पाटी नाही. आत एक म्हातारी मोठ्या पातेल्यात काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत असते. मेन्यू विचारू नका, ती उत्तर देत नाही. ताटातलं संपलं की न विचारता वाढते. आत जाण्याआधी पादत्राणं बाहेर काढा, नाहीतर ती वाढणार नाही.

क्लायंटला ते इतकं आवडलं की त्यांनी खास मेल पाठवला. सरांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. आणि पंधरवड्याने पेढे वाटत जाहीर केलं की लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ते आणि मीना मॅडम क्रूझला निघालेत, सान्ता मोरेल वाटेत लागतं, आणि ते गुपित स्वतः बघूनच येणार आहेत.

चांगुणा पेढा हातात घेऊनच केबिनमध्ये गेली.

"सर, त्या चौकटीतलं एवढं मनावर घेऊ नका."

"का गं?"

"मी तिथे गेलेले नाही ना."

"कोण गेलंय?" सर हसले. "पण क्लायंटने ओके केलंय. म्हणजे त्यांनी चेक केलेलंच असणार."

"त्यांना वाटत असेल आपण चेक केलंय."

"तू ना, स्वतःला फार कमी समजतेस. हाच तुमचा प्रॉब्लेम आहे." 'तुमचा' म्हणजे कुणाचा, ते तिने विचारलं नाही. "म्हातारीकडे जेवून येतो. आलो की पहिलं काम तुला कायम करायचं. मग तर झालं?"

बाहेर मुस्तकीम कान लावून बसला होता. "म्हणजे म्हातारीने जेवायला घातलं तर तू कायम," तो म्हणाला. "नाहीतर इथे ट्रायलवरच तुझी म्हातारी होणार."

"गप रे."

"मी सांगतो, आपला चहावाला त्यांच्या वाटेत नाही, एवढीच अल्लाची मेहरबानी."

चांगुणाला हसू आलं नाही. जो माणूस हे कारखान्यात कसं बनतं ते रोज बघतो, तोच पुडकं फोडून भाबडेपणाने खायला बसतो, याचं तिला आश्चर्य वाटत होतं. छापून आलं की खरं, एवढीच त्यांची अक्कल. मग फसवायला परदेशातले कशाला हवेत?

सर गेले. नवव्या का दहाव्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर चांगुणा शालिमारला रिक्षासाठी उभी असताना व्हॉट्सअॅपवर त्यांचा फोन आला. तिथे दुपार होती. सर धापा टाकत होते.

"चांगुणा, मासळी बाजार कुठंय गं?"

"सर?"

"इथे सगळी काचेची दुकानं आहेत. एकाला विचारलं तर त्याने मला सुपरमार्केटमध्ये नेलं, फ्रोजन मासे दाखवले."

मागून मीना मॅडमचा आवाज आला. "तिला विचारा, पायऱ्या नक्की कुठल्या. तीन ठिकाणी चढून झालंय. माझे गुडघे गेले."

"एक निळं दार सापडलं," सर म्हणाले. "मी बूट काढून वाजवलं. एक माणूस टॉवेल गुंडाळून बाहेर आला. शिव्या देत असावा."

"मोजे पण काढले होते यांनी," मॅडम म्हणाल्या.

"सर, जहाज किती वाजता सुटतंय?"

"तासाभराने गेट बंद होतं. पण एवढं आलोय तर जेवूनच जाऊ म्हटलं. तू फक्त रस्ता सांग. डावीकडे की उजवीकडे?"

रिक्षावाला "पंचवटी, पंचवटी" ओरडत होता. चांगुणाला उत्तर समोर दिसत होतं. सर, आज तिची सुट्टी असेल, असं म्हटलं की झालं. सर खूश, जहाज मिळालं, आल्यावर कायम, लंका नाशिकला. एक वाक्य. असली वाक्यं ती दिवसाला कितीतरी लिहायची.

पण त्या माणसाने अनोळखी दारासमोर मोजे काढले होते आणि आता तो डावीकडे की उजवीकडे विचारत होता. तिला एकदम किळस आली. खोटं लिहायचा पगार मिळतो, म्हणून लिहिलं. फुकटात कशाला बोलायचं?

"सर, ती खाणावळ पेठ रोडला आहे."

"इथे पण पेठ रोड आहे?"

"नाशिकच्या पेठ रोडला, सर. लताबाईंची. मला भूक लागली होती म्हणून लिहिली. तिथे काहीच नाही. बूट घाला आणि जहाज पकडा."

"काय म्हणतेय ती?" मॅडमनी विचारलं. फोन कटला.

त्यानंतर सर परत येईपर्यंत चांगुणा ऑफिसला जात होती, एवढंच. गावाकडून आईचा फोन आला. "कायम कवा करणार हायेत तुला? लंकीचा फॉर्म भरायचा का नाय?" चांगुणा म्हणाली, "थांब अजून." मुस्तकीमने दुसरीकडे दोन-तीन ठिकाणी तिच्यासाठी शब्द टाकला. एकीकडून निरोप आला, टेलिकॉलिंगचं काम आहे, चालेल का. ती हो म्हणायच्या बेतात होती.

सोमवारी सर आले. उन्हाने रापलेले, हातात चॉकलेटचे डबे. जहाज मिळालं होतं तर. सगळ्यांना गोल उभं करून त्यांनी प्रवास सांगायला घेतला. पोहण्याचा तलाव झाला, नाच-गाणी झाली, मग सान्ता मोरेल आलं.

"आणि ते गुपित," सर म्हणाले. "अरे, काय जागा आहे. निळं दार, पाटी नाही. म्हातारी एक शब्द बोलली नाही. मीनाने तर दोनदा रस्सा घेतला."

मुस्तकीमने चांगुणाकडे पाहिलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"तर्री होती का, सर?" चांगुणाने विचारलं.

सरांची नजर क्षणभर तिच्यावर थांबली. "होती ना. मस्त लालभडक."

"काळा मसाला होता ना?"

"वरून लाल, आतून काळा," सर म्हणाले आणि पुढच्या बंदराकडे वळले. फसलेल्या माणसाला निदान लाज तरी असते, असं चांगुणा आजवर धरून चालली होती.

दुपारी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"त्या दिवशी फोनवर तू काय बोललीस, मला नीट कळलं नाही. रेंज नव्हती."

"कळलं होतं, सर."

ते पेपरवेट इकडून तिकडे सरकवत राहिले. "मीनाला कळलेलं नाही. आणि ऑफिसमध्ये हा विषय नको. क्लायंटपर्यंत गेलं तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील."

"मी कशाला सांगू?"

"तेच म्हणतोय. समंजस आहेस तू. एक तारखेपासून तू कायम. पगार थोडा वाढवतोय."

वर्षभर ज्याची वाट पाहिली, ते असं मिळालं. एका भित्र्या माणसाने, तोंड बंद राहावं म्हणून, टेबलावरून सरकवलेलं. तोंडावर परत फेकायला चांगुणाला आवडलं असतं. पण फेकून देण्याची चैन करायची, तर ट्रकमध्ये लंका चढणार, बोरस्ते सर नाहीत.

"लेखी द्या, सर," ती म्हणाली. "आजच."

सर चमकले. मग त्यांनी मान हलवली आणि टाइप करायला घेतलं. प्रिंटरमधून कागद आला. तिने तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला, त्यांनाही मुद्दाम तेवढा वेळ बसवून ठेवलं, आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

"थँक यू म्हणायची पद्धत असते," सर म्हणाले.

"हो, सर." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "पुढच्या वेळी कुठे फिरायला जाणार असाल, तर आधी सांगत जा. तुमच्यापुरतं वेगळं लिहून देईन. डावीकडे, उजवीकडे, सगळं."