दोघांत एक कीबोर्ड

आमच्या घरात कंप्यूटर एकच आहे आणि तो हॉलमध्ये, खिडकीपाशी. सकाळी तो माझा, दुपारच्या चहानंतर नवऱ्याचा. मी त्यावर पुस्तकं लिहिते आणि नवरा त्यावर माणसं मारतो. बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याचे काही सहकारी ट्रेकला जायला लागले, काही सोसायटीच्या कमिटीत शिरून शेजाऱ्यांचं जगणं हराम करायला लागले. ह्याने हेडफोन घेतले. खेळातली त्याची टोळी कॉलेजातल्या पोरांची, कोण इंदूरचा, कोण कोचीचा, आणि सगळी ह्याला 'अंकल' म्हणतात. सुरुवातीला मी खूप कुजकट बोलले. एकदा त्याला मोठमोठ्याने हसताना ऐकलं, नोकरीत असताना तो तसा कधी हसत नसे, म्हणून मग बोलायचं सोडून दिलं.

मागच्या दिवाळीच्या आधी मला चिकुनगुनिया झाला. ताप उतरला, पण सांधेदुखीने मुक्कामच ठोकला. सकाळी मूठ मिटता यायची नाही. कणीक मळणं नवऱ्याकडे गेलं, आणि त्याच्या पोळ्यांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाल्या, हळूहळू जाईल. हळूहळू म्हणजे कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

कादंबरी अर्ध्यावर होती. टायपिंग केलं की दोन वाक्यांत बोटं पेटायची, पेन धरलं तर त्याहून वाईट. नवरा म्हणाला, "अगं, फोनला सांग ना, तो लिहून घेईल." करून पाहिलं. मी फोनसमोर बसून म्हणाले, "तिने दार उघडलं." आतून नवऱ्याचा आवाज आला, "कोण आलंय?" त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो, पण खरं सांगायचं तर मला मोठ्याने बोलून सुचतच नाही. वाक्य मला बोटांतून सुचतं, आधी डोक्यात येऊन मग बोटांत उतरतं असं नाही. लोक विचारायचे, "सध्या काय लिहिताय?" मी म्हणायची, "चाललंय." आणि मनात म्हणायची, संपलं आपलं. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते. भीती वाटत होती, बोलले तर ते खरं होईल.

अशात जुन्या कीबोर्डचं खेळात पुढे जायचं बटण अडकायला लागलं. माझं नव्हे, त्याचं. अंकल भिंतीला नाक लावून उभे आणि टोळी ओरडतेय. मग त्याने व्हिडिओ पाहायला सुरुवात केली आणि जेवताना मला मेकॅनिकल कीबोर्ड समजावून सांगायला लागला. आपल्या साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबर असतं, ते तळापर्यंत दाबावं लागतं. ह्याच्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, स्विचमध्ये स्प्रिंग, अर्धंच दाबलं तरी अक्षर उमटतं. "तुझ्या बोटांना हलका पडेल," तो म्हणाला. मला वाटलं, स्वतःच्या खेळण्यासाठी माझ्या बोटांचं नाव पुढे करतोय. तसं म्हणालेही.

तरी गेलो, पनवेलजवळच्या विचुंब्याला. तिथे एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गेमिंगच्या सामानाचं दुकान आहे. जमीन दुकानदाराच्या घरची, इमारत त्याच्या भावाची, आणि दुकान हा त्याचा स्वतःचा शौक. गळ्यात सोन्याची चेन, पायांत स्लीपर, आणि खेळाविषयी बोलायला लागला की थांबत नाही. नवऱ्याला त्याने लगेच टोळीतला मानलं.

"काकू, आदी हात लावून बगा. घाई नाय," म्हणून त्याने माझ्यासमोर एक छोटी पट्टी ठेवली. तिच्यावर नुसती बटणं, प्रत्येकाखाली निराळ्या रंगाचा स्विच. निळा दाबला आणि माझा जीव सुखावला. टक्! थेट जुन्या टाइपरायटरचा आवाज. मी तो दाबतच बसले.

"हा घेतलास तर शेजारच्या विंगलाही कळेल तू काय लिहितेयस," नवरा म्हणाला. "आणि माझी पोरं मला ग्रुपमधून काढतील. माइकमध्ये सगळं जातं."

त्याचं ऐकलं नसतं, पण निळ्याची स्प्रिंग कडक होती. मधलं बोट लगेच कुरकुरायला लागलं. तपकिरी मधला होता, दाबताना अर्ध्यावर बारीकसा अडसर लागायचा. आणि लाल इतका हलका, की बोट टेकवलं की गेलाच खाली. नवऱ्याला लाल हवा होता, खेळात वेग येतो म्हणून. मला तो हवा होता दुखऱ्या बोटांसाठी. लग्नाच्या इतक्या वर्षांत एखाद्या खरेदीवर आमचं इतक्या चटकन एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

"पन काकू, मराठी अक्षरं नाय हाय याच्यावर," दुकानदार म्हणाला.

"नसू देत. माझ्या बोटांना ठाऊक आहेत," मी तोऱ्यात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, गरम पाण्यात हात शेकून बसले. पहिलं वाक्य लिहायच्या आधी जरा विचार केला, आणि स्क्रीनकडे पाहिलं तर तिथे क क क क अशी ओळच्या ओळ. पुसली. एक शब्द लिहिला, थांबले, की पुन्हा क, मग स, मग पुन्हा क. मी काही दाबत नव्हते, तरी अक्षरं येत होती. पान भरलं कचऱ्याने. कीबोर्ड खराब आहे म्हणून मी नवऱ्याला हाक मारली. त्याने बसून पाहिलं. त्याच्या हाताखाली तो एकदम शहाणा.

दोष कीबोर्डात नव्हता, माझ्या शिकण्यात होता. मी टायपिंग शिकले जुन्या पनवेलच्या क्लासात, लोखंडी टाइपरायटरवर. तिथे बाई सांगायच्या, मधली ओळ हे बोटांचं घर, अक्षर मारा आणि घरी परत या, बोटं हवेत ठेवाल तर पट्टी बसेल. त्या यंत्राची बटणं अशी जड, की त्यांच्यावर पंजाचा सगळा भार टाकून बसलं तरी ती हलायची नाहीत. माझी बोटं अजून तशीच बसतात, घरात पाय पसरून बसल्यासारखी. आणि लाल स्विचला तेवढा भार पुरे होता. बोटं उचलून धरावीत, तर मिनिटाभरात मनगटापासून कळ यायची.

मी कीबोर्ड ढकलून दिला आणि रडले. नवरा गडबडला. "परत करू ना, त्यात काय?" म्हणाला. मग मी ते बोलले, इतके महिने न बोललेलं. म्हटलं, मला आता लिहिता येणार नाही, कळतंय का तुला, कीबोर्डचं काय घेऊन बसलायस. त्याने कीबोर्ड पिशवीत घातला आणि म्हणाला, "चप्पल घाल."

विचुंब्यात दुकानदाराने माझे हात टेबलावर टेकवायला सांगितले आणि नीट पाहिले. मग हसून म्हणाला, "अवो, सगला कशाला बदलायचा? याचे स्विच निंगतात." एका चिमट्याने त्याने बटण उपटलं, मग खालचा लाल स्विच उपटला, आणि तिथे तपकिरी बसवला. दात काढून दात बसवावा तसं. माझी बोटं जिथे टेकतात, तेवढीच बटणं जरा घट्ट करायची, बाकीची लाल राहू द्यायची. मी हात ठेवून पाहिला. पंजा टेकला, भार टाकला, काही उमटलं नाही. दाबलं, उमटलं. दुखलं का? किंचित. पण विसावायला जागा मिळाली होती.

तेव्हा नवऱ्याचा चेहरा माझ्या लक्षात आला. माझ्या डाव्या हाताचं घर म्हणजे त्याची डावीकडे, मागे आणि उजवीकडे पळायची बटणं.

"काका, तुमचा गेम स्लो व्हनार हां," दुकानदाराने सांगून टाकलं. "डावी बाजू आमी लालच ठेवू काय?"

"नको," नवरा म्हणाला. "दोन्ही कर."

मी त्याला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. पुढचा आठवडाभर तो खेळात सारखा मरत होता. सवयीने हलकं दाबायचा आणि अंकल जागचे हलायचे नाहीत. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "बोटं आपटू नकोस, नुसती अडसराच्या पुढे जाऊ दे," मी सांगितलं. त्याने ते ऐकलं, आणि थोडंफार जमायलाही लागलं. पूर्वीसारखं मात्र नाही.

मी सकाळी बसत होते. एक परिच्छेद, दुसऱ्या दिवशी दीड. बोटांकडे सगळं लक्ष, कुठलं किती दुखतंय, कुठलं अजून चालेल. त्याला लिहिणं म्हणायला मी तयार नव्हते.

मग एका दिवशी लाइट गेल्यामुळे सकाळ फुकट गेली आणि मी दुपारी उशिरा बसले. कादंबरीतली सासू सुनेच्या खोलीत शिरून कपाट उघडते, एवढंच ठरवलं होतं. पण ती कपाट उघडून तशीच उभी राहिली, आणि तिला आत काय दिसलं ते मला दिसायला लागलं. सासू मला वाटली होती तेवढी वाईट नव्हती. मी तिच्या मागे मागे जात राहिले. खिडकीतलं ऊन गेलं. पाठ अवघडली म्हणून मान वळवली, तर मागे नवरा उभा.

हेडफोन त्याच्या गळ्यात होते, वायर खिशातल्या फोनला जोडलेली, आणि दोन्ही तळव्यांनी त्याने ते घट्ट दाबून धरले होते. तरी आतून बारीक आवाज येत होता, "अंकल, कहाँ हो? अंकल!" त्याची वेळ कधीच सुरू झाली होती.

"कधीचा उभा आहेस?"

"बराच वेळ."

"मग सांगायचं नाही का?"

"तू थांबत नव्हतीस," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं, की इतक्या वेळात मला बोटांची आठवणच झाली नव्हती. इतका आनंद झाला, की तो मला लपवता येईना. त्यालाही दिसला असणार, कारण त्याचेच डोळे आधी भरले. मी त्याला खुर्ची दिली नाही. म्हटलं, अजून थोडं राहिलंय, आणि पुन्हा कपाटाकडे वळले.